आठ जणांसाठी मसाई मारात अख्खं घर घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून आठ जण केनियाला निघालेत: आई-बाबा (६४ आणि ६८), दोन जोडपी, ७ आणि ११ वर्षांची मुलं. एजंटनं मसाई माराला लागून असलेल्या एका ‘कम्युनिटी कॉन्झर्व्हन्सी’त, म्हणजे स्थानिकांच्या जमिनीवर वन्यजीवांसाठी राखलेल्या रानात, पाच खोल्यांचं खासगी घर सुचवलंय, पाच रात्रींसाठी. स्वयंपाकी, गाइड, गाडी, तरणतलाव सगळं त्यातच. आकडा बघून डोळे पांढरे झालेत. तुम्ही विचारताय की एवढे पैसे नेमके कशाचे, ‘कम्युनिटी’ हे जाहिरातीपुरतंच आहे का, आणि मुख्य पार्काबाहेर, म्हणजे मसाई मारा रिझर्व्हबाहेर, राहिल्यामुळे विल्डेबीस्टचं (गाईसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकी हरणांचं) स्थलांतर हुकेल का. तारखा अजून मोकळ्या आहेत: मे-जूनची सुट्टी, जुलै-ऑगस्ट किंवा दिवाळी.

घर कसं आहे ते फोटोत दिसतं. ते ज्या जमिनीवर उभं आहे तिचा करार काय आहे, हे कुठल्याच फोटोत येत नाही, आणि तुमच्या पैशांतला एक वाटा त्या करारासाठी जातो. माझं मत विचाराल तर तुमच्यासारख्या तीन पिढ्यांच्या गोतावळ्याला अख्खं घर घेणं परवडतं आणि सोयीचंही पडतं. फक्त घर निवडण्याआधी कॉन्झर्व्हन्सी निवडा.

म्हणून आधी जमिनीबद्दल. मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह साधारण १,५१० चौरस किलोमीटरचं. ते नारोक काउंटीच्या अखत्यारीत आहे आणि पश्चिमेकडचा मारा ट्रँगल हा भाग २००१ पासून एक ना-नफा संस्था सांभाळते. रिझर्व्हच्या उत्तरेला आणि पूर्वेला मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो, ओल किनेई अशा कॉन्झर्व्हन्सी आहेत. मधे कुंपण नाही, जनावरं दोन्हीकडे ये-जा करतात. पण कॉन्झर्व्हन्सीची जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे. १९६८ च्या कायद्याने इथली कुरणं ‘ग्रुप रँच’ म्हणून गटांच्या नावावर झाली. पुढे त्यांच्या वाटण्या झाल्या आणि घरटी एकेक तुकडा नावावर आला, आपल्याकडे सातबारा वेगळा होतो तसा. वाटण्यांनंतर काय होतं ते महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको: तारेचं कुंपण, नांगर, विक्री. तसं झालं असतं तर रिझर्व्हमधून बाहेर चरायला येणारे झेब्रे आणि विल्डेबीस्ट हद्दीवरच अडले असते.

मग २००५ मध्ये ओल किनेई, २००६ मध्ये ओलारे ओरोक (आताच्या ओलारे मोटोरोगीचा भाग), २००९ मध्ये मारा नॉर्थ आणि २०१० मध्ये नाबोइशो अशा क्रमाने शेजारशेजारच्या मालकांनी आपले तुकडे एकत्र केले आणि कॅम्पवाल्यांना लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. एकट्या नाबोइशोत पाचशेहून जास्त मालक आहेत. २०१३ च्या वन्यजीव कायद्याने जमिनीच्या या वापराला कायदेशीर मान्यता दिली.

भाडेपट्ट्यातली कलमं मोठी रोखठोक असतात. मालकाला एकराच्या हिशेबाने भाडं मिळतं, थेट खात्यात, कॅम्प भरलेला असो की रिकामा. बदल्यात त्याने त्या तुकड्यात बोमा, म्हणजे काटेरी कुंपणाची वस्ती, ठेवायची नाही, शेती करायची नाही, तार ओढायची नाही आणि गुरं ठरलेल्या वेळापत्रकानेच चारायची. कॅम्पवाल्यांवरही बंधन असतं. किती एकरांमागे एक खोली बांधायची हे ठरलेलं असतं, साधारण ३५० ते ७०० एकरांमागे एक. नाबोइशो सुमारे ५०,००० एकर आहे. खोलीमागे ३५० एकर धरले तर तिथल्या सगळ्या कॅम्पांच्या मिळून १४० च्या आसपासच खोल्या होतात. याच हिशेबाने तुमच्या पाच खोल्यांमागे १,७५० एकर रान मोकळं ठेवलेलं आहे आणि त्याचं भाडं बारा महिने चालू आहे, पावसात घर बंद असतानाही. दरातला एक वाटा हा.

या व्यवस्थेची परीक्षा २०२० मध्ये झाली. पाहुणे थांबले, उत्पन्न बंद, भाडं मात्र देणं. अनेक ठिकाणी मालकांनी काही काळ कमी भाडं मान्य केलं, काही ठिकाणी देणग्यांवर वेळ भागली. म्हणून कुठल्याही घराबद्दल चौकशी करताना ‘त्या वर्षी भाडं कसं दिलंत?’ हा प्रश्न मला फार उपयोगाचा वाटतो. ज्यांनी नीट दिलं ते आकड्यासकट सांगतात. बाकीचे शाळेला दिलेल्या बाकांचे फोटो पाठवतात.

आता ‘कम्युनिटी’बद्दल. केनियात एकाच पाटीखाली जमिनीचे निदान तीन वेगळे व्यवहार चालतात. पहिला वर सांगितलेला माराचा: मालकी वैयक्तिक, भाडेपट्टा सामूहिक. दुसरा उत्तरेकडचा, लाइकिपिया आणि सांबुरूकडचा: जमीन अख्ख्या समाजाची, कारभार निवडलेल्या मंडळाकडे. इल ङ्वेसीचा लॉज १९९६ मध्ये सुरू झाला आणि तो समाजाच्याच मालकीचा आहे. नामुन्याक कॉन्झर्व्हन्सी १९९५ ची, तिथेच २०१६ मध्ये रेतेती हे हत्तींच्या पोरक्या पिल्लांचं केंद्र सुरू झालं. तिसरा प्रकार लेवा किंवा बोराना यांच्यासारखा: पूर्वीची खासगी रँच, आता वन्यजीवांसाठी राखलेली. शेजारच्या गावांसाठी ते बरंच काम करतात, पण जमीन समाजाची नाही. तिन्ही प्रकारांत उत्तम घरं आहेत. फक्त तिसऱ्या प्रकारचं घर पहिल्या प्रकारच्या नावाने कोणी विकत नाही ना, एवढं बघा. उत्तरेकडे सगळं आलबेल आहे असंही समजू नका. २०२५ मध्ये इसिओलोच्या न्यायालयाने लोकसहभाग नीट न घेता स्थापन केल्याच्या कारणावरून दोन कॉन्झर्व्हन्सी बेकायदा ठरवल्या. ‘कम्युनिटी’ असल्याचा दाखला कोणी बसल्याजागी देत नाही, तो विचारून मिळवावा लागतो.

एजंटला फोनवर विचारू नका, ईमेलनं लेखी विचारा. घर कॉन्झर्व्हन्सीच्या हद्दीच्या आत आहे की हद्दीबाहेरच्या गावठाणात, त्याचे जीपीएस अक्षांश-रेखांश मागा. ‘मारातलं घर’ म्हणून विकली जाणारी काही घरं हद्दीबाहेर, रस्त्याच्या कडेला असतात, आणि तिथून गाडी आत न्यायला परवानगी आहे की नाही हे वेगळं बघावं लागतं. भाडेपट्टा कधी संपतो ते विचारा. घर कोणाच्या मालकीचं, आणि मालकांच्या कुटुंबातली किती माणसं तिथं कामाला आहेत ते विचारा. माणशी रात्रीचं कॉन्झर्व्हन्सी शुल्क बिलात वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा. मोठ्या माणसाला साधारण १०० ते १५० डॉलर या पट्ट्यात ते असतं, आणि ‘सगळं त्यातच’ म्हणणाऱ्या कोटेशनमधून नेमकं हेच बाहेर राहिलेलं असतं.

ताडोबाला गेला असाल तर फरक पटकन कळेल. ताडोबात रिसॉर्ट गेटबाहेर, जंगल सरकारचं, जिप्सी ठरलेल्या वेळी आत जाते आणि ठरलेल्या वेळी बाहेर येते, रस्ता सोडायचा नाही. कॉन्झर्व्हन्सीत घरच रानात असतं. गाडी रस्ता सोडून गवतात नेता येते, अंधार पडल्यावर लाल फिल्टरच्या दिव्याने रात्रीची फेरी करता येते, गाइडबरोबर पायी चालता येतं. मारा रिझर्व्हमध्ये या तिन्हीला मनाई आहे. एका जनावराभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या थांबू द्यायच्या नाहीत असा नियम बहुतेक कॉन्झर्व्हन्सींत आहे आणि तो पाळलाही जातो, कारण गाइड वायरलेसवर एकमेकांना ओळखतात. आणखी एक एकतर्फी सोय आहे: कॉन्झर्व्हन्सीचा पाहुणा तिकीट काढून रिझर्व्हमध्ये जाऊ शकतो, रिझर्व्हमध्ये राहणारा कॉन्झर्व्हन्सीत येऊ शकत नाही.

गाई दिसतील. एवढ्या महागड्या सफारीत सिंहापाठोपाठ दोनशे गाईंचा कळप बघून काही पाहुणे नाराज होतात. नाराज होऊ नका. गवत उंच आणि जाड झालं की हरणं-झेब्रे तिथून उठतात, गुरांनी खुडलेल्या गवताला आखूड कोंब फुटले की परत येतात. त्यामुळे चराई ही त्या रानाच्या देखभालीचाच भाग आहे. दुष्काळात मात्र वेळापत्रक मोडतं आणि गुरं जास्त दिसतात. ज्याचं जगणं गुरांवर आहे तो अशा वर्षी भाड्याकडे बघून गप्प बसत नाही, आणि शहाणं व्यवस्थापन अशा वेळी ताणत नाही.

आता स्थलांतर. कळप साधारण जुलैत टांझानियातल्या सेरेंगेटीतून मारात येतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास परत फिरतात. पाऊस जिकडे तिकडे ते, त्यामुळे तारीख कोणीही देऊ शकत नाही. जो देतो त्याच्याकडून पुढचं काही घेऊ नका. नदी ओलांडताना कळप मारतात त्या मारा नदीवरच्या गाजलेल्या उड्या बहुतांशी रिझर्व्हमध्ये, ट्रँगल धरून, होतात. कॉन्झर्व्हन्सीतून त्या बघायच्या तर पहाटे साडेपाचला डबे घेऊन निघायचं आणि दिवसभराची फेरी करायची. रिझर्व्हचं तिकीट जुलै ते डिसेंबर मोठ्या माणसाला २०० डॉलर आहे, जानेवारी ते जून १००, आणि ते सकाळी ६ ते संध्याकाळी ६ पर्यंतच चालतं. ९ ते १७ वर्षांच्या मुलाला ५०, त्याखाली फुकट. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये तुमचा हिशेब: सहा मोठे गुणिले २०० म्हणजे १,२००, अकरा वर्षांच्या मुलाचे ५०, सात वर्षांच्याचे शून्य. एका दिवसाचे १,२५० डॉलर, आणि नदीकाठी तीन-चार तास थांबून कळप उतरलाच नाही तर तेही त्यातच.

नदीच बघायची असेल तर मी पाच रात्री एका ठिकाणी घालवणार नाही. तीन रात्री कॉन्झर्व्हन्सीतलं घर, दोन रात्री नदीजवळचा कॅम्प. नदीजवळ दोन सकाळी हाताशी असल्या की शक्यता बरीच वाढते. नदीचं एवढं अप्रूप नसेल तर पाचही रात्री घरात आणि एक दिवस रिझर्व्ह. आई-बाबांना सामान परत बांधायला लावायचं नसेल तर हेच बरं.

तारखांत माझा कल जूनकडे आहे. एप्रिल-मे हा लांब पावसाचा काळ, बरीच घरं बंदच असतात. जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी, कापसाची. भिजली की फोर व्हील ड्राइव्हसुद्धा आसापर्यंत रुतते, आणि अशा वेळी कॉन्झर्व्हन्सीतही रस्ता सोडायला बंदी असते, कारण चाकाची चर बराच काळ बुजत नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस ओसरलेला असतो, रान हिरवं असतं, रिझर्व्हचं तिकीट अजून शंभरच असतं, घरांचे दर जुलैइतके चढलेले नसतात आणि राज्य मंडळाच्या बहुतेक शाळा उघडायच्या असतात. तोटाही सांगतो: गवत कमरेएवढं असतं, त्यामुळे बिबट्या-चित्ता शोधायला गाइडला जास्त फिरावं लागतं, आणि स्थलांतराचे मोठे कळप नसतात. सिंह, हत्ती, जिराफ, तरस हे मात्र कायमचे रहिवासी. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यात आली तर शेपटाकडचे कळप मिळू शकतात. नोव्हेंबरात आली तर छोटा पाऊस सुरू झालेला असतो, दुपारी सरी येतात, पण दर उतरलेले आणि आकाश फोटोवाल्यांच्या आवडीचं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: कॉन्झर्व्हन्सी आधी तपासा, नदी हवी असेल तर ३ अधिक २ रात्री, नको असेल तर जूनचा पहिला पंधरवडा. आता पैसे.

दर हंगामावर आणि घरावर प्रचंड बदलतात, म्हणून ढोबळ हिशेबच करू. चांगल्या दर्जाच्या सामायिक कॅम्पला ऐन हंगामात माणशी रात्री १,००० डॉलर धरा, मुलांना निम्मे. तुमचे सहा मोठे आणि दोन मुलं म्हणजे रात्रीचे ७,०००. सामायिक गाडीत सात वर्षांच्या मुलाला बरेच कॅम्प घेत नाहीत, त्यामुळे तुम्हाला खासगी गाडी लागणारच, तिचे दिवसाला ३०० ते ५०० वेगळे. आठ जणांना एक गाडी पुरत नाही. लँड क्रूझरमध्ये सहा जण खिडकीशी आरामात बसतात, आठ बसवले की दोघांच्या वाट्याला दुसऱ्याची पाठ येते. दोन गाड्या धरल्या की सामायिक कॅम्पचा आकडा रात्री ८,००० च्या आसपास जातो. आता तुमच्या घराचं कोटेशन याच्या शेजारी ठेवा. आठ ते दहा माणसांच्या घरांचे ऐन हंगामातले दर याच पट्ट्यात, काही खाली, काही बरेच वर असतात. चौघांचं कुटुंब असतं तर मी घर घेऊ नका म्हटलं असतं, रिकाम्या खोल्यांचं भाडं भरावं लागतं. आठ जणांना हिशेब जुळतो. पण दरात गाडी एक आहे की दोन, हे आधी लेखी घ्या.

घराचा खरा फायदा घड्याळाचा. सामायिक कॅम्पात सहा वाजता सगळ्यांबरोबर निघायचं. घरात बाबा आणि एक जोडपं साडेपाचला एका गाडीने जाईल, मुलं आठला उठून नाश्ता करून दुसऱ्या गाडीने. मुलं दमली की परत, कोणाची माफी मागायला नको.

गाइडवर काटकसर नको. केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशनच्या परीक्षेचे ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे तीन टप्पे आहेत. सिल्व्हर गाइड मिळाला तर उत्तम. गोल्ड फार थोडे आहेत, त्यांच्यासाठी अडून बसू नका. मारा भागातच गाइडचं शिक्षण देणारी संस्था आहे, त्यामुळे त्याच भागात वाढलेली मसाई मुलं-मुली तिथून शिकून आलेली भेटतात. मुलांसाठी दुसऱ्या गाडीवर मुलांशी बोलणारा गाइड मागा. हे मागितल्याशिवाय मिळत नाही.

खोल्यांची रचना नकाशा मागवून बघा. काही घरांत सगळ्या खोल्या एका छताखाली, मधल्या बैठकीभोवती असतात. काहींत पाच स्वतंत्र तंबू शंभर-शंभर पावलांवर. इथे कुंपण नसतं. रात्री हत्ती, तरस, नदीजवळ असाल तर पाणघोडे अंगणातून जातात, म्हणून अंधार पडल्यावर खोलीतून बाहेर पडायचं ते फक्त आस्कारीबरोबर, म्हणजे तिथल्या रखवालदाराबरोबर. खोलीत वॉकीटॉकी किंवा शिट्टी दिलेली असते. सात वर्षांचं मूल वेगळ्या तंबूत झोपू शकत नाही. तुमच्यासाठी पहिलाच प्रकार, किंवा दोन खोल्या आतून जोडलेला मोठा तंबू.

पायी फेरीला बहुतेक ठिकाणी किमान वय १२ च्या पुढेच असतं, त्यामुळे दोन्ही मुलं बाहेर. त्याऐवजी घराभोवती ठसे ओळखणं, धनुष्य करणं असले कार्यक्रम असतात आणि मुलांना तेच जास्त आवडतात. बलून सफारीचे माणशी ४५० ते ५५० डॉलर पडतात, पहाटे चारला उठावं लागतं, उंचीची आणि वयाची अट असते. आठ जणांत दोघांना हौस असेल तर दोघांनीच जावं.

आई-बाबांसाठी दोन गोष्टी. उघड्या गाडीची पायरी उंच असते, गुडघे कुरकुरत असतील तर लाकडी चौरंग गाडीत ठेवायला आधीच सांगा आणि त्यांना मधल्या रांगेत बसवा, मागच्या रांगेत दणके जास्त. दुसरी, वीज. ही घरं सौर विजेवर आणि बॅटरीवर चालतात. फोन, कॅमेरा, सीपॅप (झोपेत श्वासाला मदत करणारं यंत्र) चालतो, पण सीपॅप किंवा इन्सुलिनचा फ्रिज असेल तर रात्रभर वीज राहते का हे विचारा. हेअर ड्रायर, इस्त्री, छोटी इलेक्ट्रिक किटली लावली की अख्ख्या घराचा इन्व्हर्टर बसतो. प्लग ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी तीन पिनांचा, २४० व्होल्ट.

जेवणाची काळजी नको, पण सूचना नेमकी द्या. केनियात भारतीय वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे, चपाती तर तिथल्या रोजच्या जेवणात रुळलेली आहे, मुगाची उसळ ‘न्देंगू’ म्हणून आणि राजमा ‘महारागे’ म्हणून मिळतो. अडचण सामानाची. ताजी भाजी आणि वाणसामान नैरोबीहून ट्रकने किंवा विमानाने येतं, मधे दुकान नाही. म्हणून महिनाभर आधी यादी पाठवा. ‘शाकाहारी’ एवढंच लिहिलं तर अंडं येईल, केकमध्ये तर हमखास. कोण अंडं खातं, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, कोणाला रोज ताक-दही लागतं हे नावानिशी लिहा. गोडा मसाला आणि चटण्या बरोबर घेतल्या तर स्वयंपाकी आनंदाने वापरतो, त्याला एक दिवस आमटी शिकवा. लाडू-चिवडा नेणारच असाल तर स्टीलच्या डब्यात किंवा कापडी पिशवीत. केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि २०२० पासून संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवरही. डबे खोलीत ठेवू नका, स्वयंपाकघरात द्या. बॅबून आणि वेर्व्हेट माकडांना तंबूची चेन उघडता येते, आणि एकदा खाऊ मिळाला की ती रोज येतात, मग त्या माकडांचंच काहीतरी करावं लागतं.

प्रवास विमानानेच करा. नैरोबीहून नारोकमार्गे गाडीने पाच-सहा तास, शेवटचा टप्पा कच्चा. ६८ व्या वर्षी तो दिवस आणि पुढचा दिवस वाया जातो. छोटी विमानं विल्सन विमानतळावरून सुटतात, आंतरराष्ट्रीय विमानतळावरून नाही. दोन्हींत वीस किलोमीटरही अंतर नाही, पण गर्दीत दीड तास लागू शकतो, म्हणून पोचलेल्या दिवशीच पुढचं विमान धरायचं असेल तर मधे चार तास ठेवा, नाहीतर एक रात्र नैरोबीत. सामान हातातल्या बॅगेसह माणशी १५ किलो, आणि बॅग मऊच हवी, कारण सेसना कॅरव्हॅन या छोट्या विमानाच्या पोटातल्या कप्प्यात चाकांची कडक सुटकेस बसत नाही. आठ तिकिटांची बेरीज आणि अख्ख्या कॅरव्हॅनचं चार्टर यांची तुलना करून बघा, फरक कधीकधी किरकोळ निघतो, आणि चार्टर तीन-चार धावपट्ट्यांवर न थांबता थेट तुमच्या जवळच्या पट्टीवर उतरतं.

लशीचं मात्र आत्ताच बघा. केनियातून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे आई-बाबांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांबरोबर, बुकिंगचे पैसे भरायच्या आधी. डॉक्टरांनी सूटपत्र दिलं तरी परतताना विमानतळावर ते मानलं जाईलच असं नाही, विमानतळ आरोग्य कार्यालयाकडून आधी खात्री करा. मारा दीड हजार मीटर उंचीवर असला तरी मलेरिया आहे, गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा. प्रवेशाची परवानगी ऑनलाइन ईटीएने मिळते, मुलांसकट प्रत्येकाची वेगळी. जूनमध्येही पहाटे १०-१२ अंश असतं आणि गाडी उघडी, म्हणून स्वेटर, वारा अडवणारं जाकीट, कानटोपी. ड्रोन घरीच ठेवा.

इमर्जन्सीत विमानाने नैरोबीला हलवण्याचं सभासदत्व बहुतेक चांगली घरं दरातच धरतात, पण ते फक्त हलवण्यापुरतं. हॉस्पिटलचा खर्च तुमच्या प्रवास विम्यातून, आणि विम्यात बाबांचे जुने आजार जाहीर केलेले हवेत. बक्षिसी म्हणून गाइडला माणशी दिवसाला १० ते १५ डॉलर आणि बाकी सगळ्यांच्या सामायिक पेटीत साधारण तेवढेच, अशी रीत आहे. डॉलरच्या नोटा २००९ नंतरच्या आणि न फाटलेल्या न्या, जुन्या कोणी घेत नाही.

पैसे भरण्याचा क्रम साधारण असा असतो: बुकिंगला २० ते ३० टक्के, बाकी निघण्याच्या दोन महिने आधी. त्यानंतर रद्द केलं तर अख्खी रक्कम जाते, कारण घर एकाच कुटुंबाला दिलेलं असतं, एखादी खोली ऐनवेळी दुसऱ्याला विकता येत नाही. विमा पहिला हप्ता भरला त्याच आठवड्यात काढा. भारतातल्या एजंटमार्फत घेतलं तर परदेशी पॅकेजवर टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापला जातो, तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर रोख अडकते. दर बदलत असतात, सीएला विचारून घ्या. कोटेशन आलं की त्यात कॉन्झर्व्हन्सी शुल्क, दुसरी गाडी, छोटं विमान आणि रिझर्व्हचं तिकीट या चार ओळी शोधा. नसतील तर नाव झाकून ते इथं टाका, बघून सांगतो.